पाणी अठ्ठ्याण्णवला उकळते

शास्त्राची पदवी घेऊन मी नाशिकच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा त्या शाळेची सारी प्रयोगशाळा भिंतीतल्या एका कपाटात मावत होती. दोन स्पिरिटचे दिवे, थोड्या काचेच्या नळ्या, एक लोहचुंबक, तडा गेलेले एक भिंग आणि कापसात गुंडाळून ठेवलेला एक थर्मामीटर. कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे असे. ती मागायला गेले की त्या चष्म्यावरून पाहत आणि विचारत, "आज काही फुटायचं आहे का?"

"फुटलं तर काच कशाने फुटते ते मुलींना कळेल," मी म्हणत असे. पुढे पुढे त्या काही न विचारता किल्ली देऊ लागल्या, आणि एके दिवशी "ती तुमच्याकडेच राहू द्या" म्हणाल्या.

मॅट्रिकच्या वर्गातल्या मुलींपुढे त्या काळी दोन वाटा ठळक होत्या. पहिली लग्नाची. दुसरी, जिला घरातून परवानगी मिळेल तिच्यासाठी, प्राथमिक शाळेतल्या मास्तरणीची. शास्त्र घेऊन कॉलेजात जावे आणि हायस्कुलात शिकवायला परत यावे, ही तिसरी वाट कागदावर होती, पायाखालची नव्हती. याचे कारण मी पहिल्याच वर्षी शोधून काढले होते आणि ते अगदी साधे होते. मुलींच्या शाळांत शास्त्र नीट शिकवले जात नव्हते, कारण ते शिकवणाऱ्या बायका नव्हत्या. आणि शिकवणाऱ्या बायका नव्हत्या, कारण मुलींच्या शाळांत शास्त्र नीट शिकवले जात नव्हते. वर्तुळाला सुरुवात नसते, तेव्हा ते कुठेही तोडले तरी चालते. मी ते शनिवारी तोडायचे ठरवले.

शनिवारी शाळा सकाळची असे. ती सुटल्यावर मॅट्रिकची एक मुलगी शिक्षिका होई आणि खालच्या वर्गातल्या मुली तिच्या विद्यार्थिनी. ती एक पाठ घेई, मी कोपऱ्यात बसून ऐके. पाठ संपला की ऐकणाऱ्या प्रत्येकीने उठून एक गुण आणि एक दोष सांगायचा, असा नियम होता. 'छान झाला' एवढेच म्हणायला बंदी होती. धाकट्या मुलींना हे सुरुवातीला फार अवघड गेले. आपल्याहून मोठ्या मुलीचा दोष तोंडावर सांगायचा म्हणजे काय! पण एकदा सवय झाल्यावर त्यांना आवरणे अवघड झाले. जुन्या गावात राहणाऱ्या एका मुसलमान बांगडीवाल्याची मुलगी यात सर्वांत पुढे. एका पाठानंतर ती गंभीरपणे उठली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही सगळा वेळ फळ्याशीच बोललात. फळ्याला येतंय की सगळं!"

त्याच वर्षी मॅट्रिकच्या वर्गाला मी पाणी उकळण्याचा प्रयोग दिला. पाणी तापवायचे, उकळी आली की थर्मामीटर वाचायचा आणि आकडा लिहायचा. याहून सोपे काही नाही, असे मला वाटले होते. पारा अठ्ठ्याण्णवाच्या रेघेशी उभा होता. मी स्वतः पाहिला होता. वह्या गोळा केल्या, तर जवळजवळ सगळ्यांनी शंभर लिहिलेले. कुणी खोटे बोलावे म्हणून लिहिले नव्हते. ज्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर हात लावून कपाळाला टेकवतात, त्या घरच्या मुलींनी पुस्तकातला आकडा खाली उतरवायचा कसा? डोळ्यांनी चूक केली असेल, असे समजून त्यांनी डोळ्यांना दुरुस्त केले होते.

एकीने मात्र जागा कोरी ठेवली होती. ती मुलगी निफाडची. वडील लहानपणीच गेलेले, घरचा कारभार थोरल्या चुलत्यांच्या हाती, आणि नाशकात मावशीकडे राहून शिकणारी. वर्गात ती मान खाली घालून बसे आणि विचारले तेवढेच बोले.

"कोरं का सोडलंस?" मी विचारले.

"पुस्तकात शंभर आहे, बाई. मला अठ्ठ्याण्णव दिसलं. माझंच काहीतरी चुकलं असणार."

"मग शंभर लिहायचंस."

"जे दिसलंच नाही ते कसं लिहू?"

त्या क्षणी मी मनाशी ठरवले की ही मुलगी शास्त्र घेऊन कॉलेजात जाईल. तिला काय व्हायचे आहे हे विचारायचे राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी विचारले. "तुमच्यासारखी," ती लाजून म्हणाली.

थर्मामीटरवर आळ घेण्याआधी त्याची चौकशी व्हावी, म्हणून मी सोडावॉटरच्या दुकानातून भुश्यात गुंडाळलेला बर्फ आणला. विरघळत्या बर्फात पारा शून्यावर बरोबर आला. शून्य बरोबर म्हणून वरचे सगळे बरोबर, असा नियम नाही. तेव्हा मुलांच्या शाळेतून दुसरा थर्मामीटर उसना आणून त्याचीही साक्ष काढली. दोघांचे एकमत झाले. मग मी मुलींना कारण सांगितले: पुस्तकातला शंभर हा समुद्रकाठचा आकडा आहे, आपण घाटाच्या वर राहतो, आपल्या डोक्यावर हवेचे ओझे थोडे कमी, म्हणून पाणी थोडे आधी उकळते. निफाडच्या मुलीने कोऱ्या जागेत अठ्ठ्याण्णव लिहिले. एवढा ठसठशीत आकडा तिच्या वहीत मी आधी पाहिला नव्हता.

संक्रांत होऊन गेल्यावर तिचे चुलते शाळेत आले. उंच, रापलेले गृहस्थ. डोक्याला पांढरा फेटा. ऊस आणि कांदा असलेला मोठा बागाईतदार माणूस. मुलीसाठी स्थळ आले होते आणि मॅट्रिकची परीक्षा होताच लग्न करावे असा त्यांचा विचार होता. मोठ्या बाईंच्या खोलीत मी त्यांना मुलीच्या हुशारीबद्दल सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"हुशार असंल. मी कुठं नाय म्हनतो? पन मास्तरकी म्हंजे बोलायचं काम. आमच्या कानावर तर तिचा शबूद कदी पडला नाय. काय इचारलं तर मान हलवती."

"घरी तिला बोलू कोण देतं?" माझ्या तोंडून निघून गेले. मोठ्या बाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

चुलते मात्र हसले. "हे बी खरं. पन बाई, उद्या ही साठ पोरींपुढं हुबी ऱ्हायली आन् वाचा बसली, तर हसं कुनाचं व्हायचं? तिचंच ना? मला शिकवताना दावा. बोलली, तर कालिजाचं बघू. नाय बोलली, तर मी स्थळाला होकार देतो, आन् तुमी मग मधी पडायचं नाय."

मला हे मान्य करावे लागले. खरे तर यात अमान्य करण्यासारखे काही नव्हते. शिक्षिका होणार म्हणता, तर शिकवून दाखवा. प्रयोगशाळेतला माणूस याहून वेगळे काय मागतो?

चुलत्यांची अट मुलीला सांगितली, तेव्हा ती भिंतीला टेकली. "आबांपुढे नाही जमणार, बाई. ते ओसरीवर आले की आम्ही सगळ्या आत जातो. आईसुद्धा."

"ओसरी वेगळी, वर्ग वेगळा," मी म्हटले. असे म्हणणे सोपे होते. म्हणून मी ज्या ज्या गोष्टी माझ्या हातात होत्या, त्या एकेक करून सोप्या केल्या. विषय तिच्या पक्क्या ओळखीचा: पाण्याचे उकळणे. विद्यार्थिनी तिच्या माहितीतल्या. ठरलेल्या शनिवारी मोठ्या बाई पाहुण्यांसाठी टेबलाशेजारी खुर्ची मांडायला निघाल्या, ती मी मांडू दिली नाही. खुर्चीवर बसलेला माणूस न्यायाधीश होतो. बाकावर बसलेला विद्यार्थी. आबांना शेवटच्या बाकावर बसवले. बाक लहान मुलींचा, त्यामुळे त्यांचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. दोन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या.

पाठ सुरू झाला आणि माझी सगळी गणिते कोसळली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, फळ्याकडे तोंड केले आणि फळ्यालाच सांगू लागली. आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. मुली चुळबुळू लागल्या. आबा खिडकीबाहेर पाहू लागले. नियमाप्रमाणे पाठ चालू असताना मी मध्ये बोलायचे नव्हते. तो नियम मीच केला होता आणि त्या दिवशी तो मला फार जड गेला.

पाणी खदखदू लागले. तिने बांगडीवाल्याच्या मुलीला पुढे बोलावून थर्मामीटर वाचायला सांगितले. त्या पोरीने नाक जवळ नेऊन पाहिले.

"अठ्ठ्याण्णव!"

"शंभर गं!" मागून कुणीतरी म्हणाले. "पुस्तकात शंभर आहे." "येडी, खाली बस!" चहूकडून आवाज आले. त्या धाकट्या मुलीने एकदा थर्मामीटरकडे पाहिले, एकदा मैत्रिणींकडे, आणि मान खाली घातली.

"बरं. शंभर," ती पुटपुटली आणि जागेवर जायला निघाली.

निफाडची मुलगी गर्रकन वळली.

"थांब! बरं कशाला म्हणालीस?"

तिचा हा आवाज कुणी ऐकलेला नव्हता; मीही नाही.

"इकडे ये. पुन्हा बघ. काय दिसतं?"

"अठ्ठ्याण्णव, ताई."

"मग शंभर का म्हणालीस?"

"सगळ्या म्हणाल्या म्हणून."

"सगळ्यांनी बघितलं का?" तिने वर्गाकडे पाहिले. "नाही ना? मग बघितलेलीनं गप्प बसायचं आणि न बघितलेल्यांनी बोलायचं, असं माझ्या वर्गात चालणार नाही. एकेकीनं रांगेनं या. डोळ्यांनी बघा, मग बोला."

रांग लागली. मुली येत, वाकत, "अठ्ठ्याण्णव" म्हणत आणि काहीशा वरमून जागेवर जात. बांगडीवाल्याची मुलगी राखणदारासारखी टेबलाजवळ उभी होती आणि प्रत्येकीला "आता?" असे विचारत होती. रांगेत सर्वांत शेवटी फेटा दिसला. आबा बाकावरून उठून मुलींच्या मागे उभे राहिले होते. ते समोर आले, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आले आणि तिचा हात पदराकडे गेला.

आबा वाकले. "मला हे इंग्रजी आकडे कळत नायत."

"नऊ आणि आठ, बाबा. हे बघा, इथं," बांगडीवाल्याची मुलगी म्हणाली.

"असं व्हय." ते सरळ झाले आणि त्यांनी पुतणीकडे पाहिले. "मंग खोटं कोन? पुस्तक, का ही काच?"

ती आता पुन्हा फळ्याकडे वळेल, असे मला वाटले. पण ती धाकटी पोर तिच्याकडे उत्तरासाठी पाहत होती, आणि उत्तर तिलाच द्यायचे होते.

"दोन्ही खरं, आबा," ती म्हणाली. "तुम्ही मुंबईला माल घेऊन जाता. परत येताना कसाऱ्याला काय करतात?"

"मागून इंजिन जोडत्यात. घाट चढायचा असतो ना."

"का चढायचा असतो?"

"आपन वर ऱ्हातो म्हनून."

"तेच. पुस्तकातलं पाणी मुंबईला उकळलंय, समुद्राकाठी. आपण घाटाच्या वर. इथे हवेचं ओझं कमी, म्हणून पाण्याला लवकर उसळी घेता येते." मग ती सगळ्या वर्गाकडे वळली आणि पुढचा पाठ तिने मुलींशीच बोलून पुरा केला.

शेवटी गुणदोष सांगायची वेळ आली. मुलींचे झाल्यावर मी म्हटले, "मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्यांनीही सांगायला हवं. नियम सगळ्यांना सारखा."

आबांनी फेटा सारखा केला. ही थट्टा नव्हे, हे त्यांना कळले होते. "दोष म्हंजे, सुरवातीचं मागच्या बाकाला काय बी ऐकू आलं नाय." मग म्हणाले, "आन् गुन असा की, आवाज हाय पोरीला. इतकी वर्सं घरात कुठं ठिवला व्हता कुनास ठाऊक!"

होकार त्यांनी तिथे दिला नाही. मोठ्या बाईंच्या खोलीत बसून त्यांनी मुंबईच्या कॉलेजातल्या मुलींच्या वसतिगृहाची बारीक चौकशी केली: दार केव्हा बंद होते, जेवण कोण करते, आजारी पडली तर कोण बघते. त्यांचे प्रश्न नेमके होते आणि काहींची उत्तरे मला शोधून कळवावी लागली. निघताना म्हणाले, "पास झाली तर धाडतो. त्या लोकांना थांबा म्हनून सांगतो. थांबले तर थांबले."

ती पास झाली. इंग्रजीत जेमतेम, शास्त्रात उत्तम. स्थळवाले थांबले नाहीत. त्याबद्दल निफाडला कुणी फारशी हळहळ केल्याचे मला ऐकू आले नाही. पुढे कॉलेजात इंटरच्या परीक्षेला गणित तिला जड जाणार, हे मला दिसत होते. वर्तुळ एका ठिकाणी तुटल्याने सगळे सुटत नाही. पण आता त्याला एक टोक होते.

जूनमध्ये नाशिक रोड स्टेशनावर तिला पोचवायला आबा आणि मी गेलो होतो. आबांनी भाकऱ्यांचे गाठोडे खिडकीतून आत दिले, ट्रंक नीट लागली आहे ना ते पाहिले, आणि बोलण्यासारखे काही उरले नाही तेव्हा म्हणाले, "तिथं गेल्यावर पानी उकळून बघ. शंभरावर उकळतं का ते कळव. पुस्तकात हाय म्हनून नको. बघून."

"हो, आबा," ती खाली पाहून म्हणाली.

गाडीने शिटी दिली. आबांनी कानामागे हात धरला. "मागच्या बाकाला ऐकू आलं नाय!"

"बघून कळवते, आबा!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली, की पलीकडच्या डब्यांतून माणसे डोकावून पाहू लागली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत आबा उभे राहिले. मला थांबता आले नाही. मी लगेच टांगा केला. शनिवार होता, नव्या वर्षाच्या पहिल्या पाठासाठी मुली थांबल्या असणार, आणि कपाटाची किल्ली माझ्या पिशवीत होती.