अस्वलांच्या मुलखातली रात्र

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या गावात ढोल-ताशा आला आणि मागोमाग बालवाडी आली. ढोल संध्याकाळी परत गेला. बालवाडी टिकली, कारण ती मी चालवत होते आणि मी चिवट आहे. आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडचं. आता कागदासाठी उस्मानाबादचे खेटे नकोत, याचाच लोकांना आनंद. पोरांसाठी काही आलंय, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

मदतनीस म्हणून मला नीलम्मा मिळाली. पन्नाशीची लिंगायत विधवा, उजव्या हाताची दोन बोटं चेचलेली. झाडलोट, पाणी, पोरांची नाकं पुसणं, सगळं चोख. फक्त गोष्ट सांगायला सांगितली की पदर तोंडावर घ्यायची. "मला येत न्हाईत, बाई."

ही चक्क थाप होती. नीलम्मासारखी गोष्ट अख्ख्या पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती, असं गावातच चार जणी सांगायच्या. मी या गावात सून होऊन आले ती दुष्काळानंतर, त्यामुळं मला आधीचं ठाऊक नव्हतं. मग मी हात धुऊन तिच्या मागं लागले. काही तिनं सांगितलं, काही गावानं.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरं बाजारात गेली आणि सगळा गाव पाझर तलावाच्या कामावर गेला. नीलम्मा खडी फोडायला होती. एकदा हातोडा बोटांवर बसला. मुकादम शेषेरावानं तिला घरी न धाडता बाभळीखाली बसवलं आणि बायांची लेकरं तिच्या हवाली केली. त्यात माया कसली आलीय! लेकरं रडली की आया पाट्या टाकून पळायच्या आणि काम खोळंबायचं.

"लेकरं गप ऱ्हायली तर ऱ्हा," तो म्हणाला. "रडली तर तूबी घरी आन् लेकरवाल्या समद्या बायाबी घरी."

उपाशी लेकरू गप्प ठेवायचं तरी कसं? सरकारी सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचा पिठाचा खाऊ, यायची दुपारी. तोवर झोळ्या हलवून नीलम्माचे हात भरून यायचे. शेवटी तिनं गोष्ट काढली आणि तिथंच घोटाळा झाला.

आमच्याकडं दिवसा गोष्ट सांगत नाहीत. सांगितली की मामा वाट चुकतो. हसू नका. त्या साली कितीतरी लेकरांना आशेला मामाचं घर तेवढं उरलं होतं, त्यांच्या आयांना हे हसण्यावारी नेणं परवडणारं नव्हतं. बायांनी पहिल्याच दिवशी कालवा केला. नीलम्मा डोक्याची तल्लख. म्हणाली, "अगं, ही अस्वलांच्या मुलखातली गोष्ट हाय. आपल्याकडं दिवस असला की तिकडं रात असती. रातच्याला सांगितलेली चालती की!" बाया हसल्या आणि कामाला लागल्या.

अस्वलंच का, असं मी तिला विचारलं. लहानपणी रेणापूरच्या जत्रेत तिनं दरवेशाचं अस्वल पाहिलं होतं. नाकात वेसण, अंगावर धूळ, आणि तिच्याकडं बघून ते नुसतं तोंड हलवत होतं. "ते कायतरी बोलत व्हतं, बाई. आवाज तेवढा फुटत नव्हता. मला वाटलं, ह्यांचा कुठंतरी मुलूख असंल, तितं तरी बोलत असतील."

तो मुलूख तिनं बाभळीखाली वसवला. तिथली सगळी अस्वलं बोलायची. धोंडप्पा अस्वल म्हातारं, कपाळाला विभूती लावून फिरायचं आणि सगळ्यांना उपदेश करायचं, ऐकायचं मात्र कुणी नाही. मडिवाळप्पा अस्वल नदीवर ढग धुवायचं आणि दोरीवर वाळत घालायचं. ढग अजून ओले आहेत म्हणून इकडं पाऊस नाही, असं नीलम्मा म्हणायची आणि पोरं मडिवाळप्पाला शिव्या घालायची. लक्ष्मम्मा अस्वलीण गाडीच्या चाकाएवढी भाकरी थापायची. रस्त्यात दोन अस्वलं भेटली की आधी "ऊट आयता?" म्हणजे कानडीत "जेवलास का?" असं विचारायची, आणि समोरचा जेवलेला नसेल तर पुढचं बोलणंच बंद, आधी जेवण. हे ऐकताना उपाशी पोरं लाळ गिळत हसायची. सुकडीची गाडी आली तरी कुणी उठायचं नाही.

त्यातच खडी फोडणाऱ्या केवळाबाईची सिंधु होती, पाच वर्षांची. अंगावर मांस असं नव्हतंच, नुसते डोळे. पण गोष्टीतली सगळ्यात छोटी अस्वलीण तिच्यासाठीच जन्मली. ही छोटी अस्वलीण इकडच्या पोरांसाठी एक ढग मागायला निघाली होती. पुढं कुठं जायचं, कुणाला भेटायचं, हे सिंधु ठरवायची आणि नीलम्मा सांगायची.

सिंधुला जुलाब लागले. अंगात आधीच काही नव्हतं, तिला उभं राहवेना. केवळाबाईचा भाऊ भुजंग हदगावकडं होता. त्याच्या गावाला विहिरीला पाणी होतं, घरात शेळी होती. "येतो आन् पोरीला घेऊन जातो, पाऊस पडंस्तवर ठिवून घेतो," असा त्याचा निरोप आला होता. केवळाबाईचं सगळं ध्यान त्या वाटेकडं. आज येईल, उद्या येईल. भुजंग येईना.

मग कुणीतरी म्हणालंच, "येतोय कशाला? इतं रोज दिवसाढवळ्या गोष्टी चाललेल्या."

केवळाबाई बाभळीखाली आली. "नीलम्माक्का, बंद कर तुझी अस्वलं."

"अगं, तिकडं रात हाय..."

"माझ्या भावाच्या वाटंवर दिवस हाय!" केवळाबाई ओरडली. "तो आला की मग सांग काय सांगायचं ते."

नीलम्मानं गोष्ट तिथंच तोडली. छोटी अस्वलीण तेव्हा नदीच्या काठावर उभी होती आणि मडिवाळप्पा तिला काही सांगणार होता. दोरीवरचा ढग द्यायचा की नाही, ते.

सिंधु झोळीत पडल्या पडल्या विचारायची, "दिला का ढग?" नीलम्मा म्हणायची, "मामा आला की सांगते." पोरगी सुकडी तोंडात घेईना. पूर्वी गोष्टीच्या नादात चार घास जायचे, आता तेही बंद झाले. नीलम्माला हे दिसत होतं. तिनं केवळाबाईला सांगूनही पाहिलं. पण भाऊ आणि गोष्ट यांत केवळाबाई भावाला धरणार, यात तिचं काय चुकलं? पोरगी वाचवायला ती एकच वाट होती, आणि त्या वाटेवर कुणी काटा टाकू नये एवढंच ती बघत होती. मला राग येतो तो त्या "कुणीतरी म्हणालं"चा. असली माणसं कधी सापडत नाहीत.

सिंधु गेली. शेवटच्या दिवशी ती काही विचारतही नव्हती.

आणि तिला पुरून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी भुजंग आला. खांद्यावर ज्वारीचं गाठोडं आणि त्यात नवा परकर. वाटबिट काही चुकला नव्हता. तोही तिकडं दुष्काळी कामावर होता. बहिणीच्या दारी मोकळ्या हातानं कसं यायचं, म्हणून परकर घेता येईपर्यंत थांबला होता. दारात उभं राहून त्यानं हाक मारली, "सिंधुबाई, चला!" केवळाबाई त्या परकराकडं बघत राहिली आणि मग तिनं जो हंबरडा फोडला, तो अजून म्हाताऱ्या माणसांच्या कानात आहे.

नीलम्मा त्यानंतर खडी फोडायला परत गेली, चेचलेल्या बोटांनी. बाभळीखाली दुसरी बाई बसली.

दहा वर्षं नीलम्मा आणि केवळाबाई एकमेकींशी बोलल्या नाहीत. भांडण नव्हतं. बोलायला काही उरलंच नव्हतं.

आमची बालवाडी सुरू होऊन महिना झाला असेल. केवळाबाई थोरल्या पोराची मुलगी घेऊन आली. पोरीला आत सोडलं आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. मी म्हटलं, "मावशी, आता निघा, पोरगी राहील." ती माझ्याकडं बघेनाच. घागरीतलं पाणी ओतणाऱ्या नीलम्माकडं बघत होती.

"नीलम्माक्का, पुढं काय झालं?"

नीलम्माच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कशाचं?"

"ढगाचं. माझी पोर इचारत व्हती ते."

नीलम्मानं तांब्या खाली ठेवला.

"सांग की," केवळाबाई म्हणाली. "भुजंगा गेला गेल्या साली. आता वाट चुकायला माझं कुणी ऱ्हायलं न्हाई."

नीलम्मा तिच्या शेजारी उंबऱ्यात येऊन बसली. दोनदा तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगेल. माझाही जीव त्या ढगात अडकला होता, खोटं कशाला सांगू.

"मला ठावं न्हाई, केवळे," ती शेवटी म्हणाली. "पुढचं तीच सांगायची. म्या नुसती बोलत व्हते."

केवळाबाईनं मान हलवली. रडली नाही. थोड्या वेळानं पदर झटकून उठली आणि नातीला न घेताच घराकडं चालू लागली. मी पोरांना पाटीवर रेघा काढायला लावलं. नीलम्मा दुपारपर्यंत उंबऱ्यातच बसून होती, आणि त्या दिवशी पाणी मीच भरलं.