खिडकीतून भरलेली ओटी

ये गं, अशी जवळ ये. उंबऱ्यात उभी राहून काय बोलतेस? बाहेर गाडी चालू, तो ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि तू म्हणे आजीला भेटायला आलीस! करोनात आली नाहीस ते शहाणपणाचं केलंस. मीच तुला फोनवर ओरडून सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून. पण आता काय झालं? बंद कर म्हणावं ती गाडी. चपला काढ. दारातल्या दारात भेट उरकली की माझ्या जिवाला चैन पडत नाही. का पडत नाही, ते तुला कधी सांगितलं नाही. आज ऐकूनच जा. तुझ्या आईचीच गोष्ट आहे, ती माझ्या पोटात होती तेव्हाची.

तो मोठा दुष्काळ पडला, त्यातला उन्हाळा. आपलं हे गाव कर्जतच्या अंगाला, आणि माझं माहेर राहात्याकडं, पाटपाण्याच्या मुलखात. तिकडं ऊस उभा होता आणि इकडं विहिरींचे तळ दिसत होते. बैलं छावणीत नेऊन बांधलेली. तुझे आजोबा रोज तलावाच्या कामावर माती उचलायला जायचे. पाणी टँकरचं. टँकर यायचा, विहिरीत पाणी ओतून जायचा, आणि मग सगळं गाव त्या विहिरीवर तुटून पडायचं. कुणाची कळशी कुठं टेकलेली, कुणाचा दोर कशात लोळलेला, कोण बघतंय? त्या पाण्यातून पटकी आली. तुम्ही कॉलरा म्हणता. आम्ही तिचं नाव मोठ्यानं घेत नसू. "बया आलीया," एवढंच म्हणायचे, तेही आवाज खाली करून.

आधी ती लांबच्या गावांची बातमी होती. मग बाजारात माणसं कमी दिसायला लागली. मग कामावरून येताना तुझे आजोबा सांगायला लागले, की अमका आज आला नाही, तमक्याला गाडीत घालून नेलं. पुढं पुढं तेही सांगेनात. मुकाट्यानं हातपाय धुवायचे आणि जेवायला बसायचे. त्यांचं ते गप्प बसणं मला जास्त भिववायचं.

मला सातवा महिना सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि आठव्यात पोटुशीनं गावची शीव ओलांडायची नाही, असा आमच्यातला नेम. म्हणजे जायचं तर आत्ताच, नाहीतर इथंच राहायचं. माझा धाकटा भाऊ न्यायला आला. लेकीला न्यायला माहेराहून येतो त्याला मुराळी म्हणतात. एरवी मुराळी आला की घरात हसणं-खिदळणं असतं, त्याची थट्टा होते. त्या दिवशी तो ओसरीवर बसला आणि कुणी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंच पिशवीतून पितळेचा फिरकीचा तांब्या काढला आणि म्हणाला, "पाणी मी घरचं आणलंय. तुमी लाजू नका."

मग बैठक बसली. मामंजी म्हणाले, "कुठं जायाचं न्हाई. वाटंत काय झालं तर दोन जिवांचा घोर."

तुझे आजोबा म्हणाले, "हितं तरी काय सुख हाय, आबा? खालच्या वस्तीवर पोचलीच की ती. उद्या आपल्या आळीत आली तर हिला कुठं न्यायची?"

भाऊ म्हणाला, "बैलगाडीनं आडवाटेनं जाऊ. कुणाचा संबंध न्हाई."

"बैलं छावणीत हायेत, मुराळीबुवा," आतून सासूबाई बोलल्या. "तुमी सोता जुपून घेताय का?"

हसू कुणालाच आलं नाही. सुया टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी मला सुई दिली होती, आणि बजावलं होतं की जायचं तर एसटीनं सरळ जा, उकळलेलं पाणी बरोबर घ्या, वाटेत पाय खाली टाकू नका, बाहेरचा घोटसुद्धा नको. एवढं ऐकलं तर एसटी बरी. पण एसटीची वाट वन्संच्या गावावरून जात होती.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, सासूबाईंची एकुलती एक लेक. मिरजगावच्या रस्त्याला तिचं सासर. पहिलटकरीण नणंदेच्या गावावरून माहेरी जाते आणि उतरून ओटी भरून न घेता पुढं जाते, असं कुणी ऐकलं नव्हतं. तो जन्माचा रुसवा झाला असता. आणि पटकीचा जोर सगळ्यात जास्त होता तो त्याच गावात.

सगळे सासूबाईंच्या तोंडाकडं बघायला लागले. त्या चुलीपुढं बसून नुसता जाळ सारखा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा एसटीनं. पर तिच्या दारात उतरू नगंस. मी सांगावा धाडते तिला, ओटी गाडीतच भर म्हनून. माझ्याच लेकीच्या घराला पाय लावू नगं म्हनते मी. जळो माझं त्वांड."

"आत्याबाई, वन्संना काय वाटंल?" मी म्हटलं.

"तिला काय वाटायचं ते वाटू दे. ती आई न्हाई का कुनाची?"

त्यांनीच पाणी उकळलं, निववलं, फडक्यातून गाळलं आणि दोन फिरकीचे तांबे गच्च भरून दिले. निघताना हातावर दही नाही घातलं. दह्याचा धीर झाला नाही. नुसती साखर ठेवली.

एसटीत निम्म्या जागा रिकाम्या होत्या. एरवी त्या गाडीला टपावर माणसं असायची. जो तो खिडकीशी एकटा, तोंडाला पदर नाहीतर उपरण्याचं टोक. कुणी खोकलं तरी माना वळत होत्या. एका गावाच्या शिवेवर मरीआईचा गाडा उभा होता. लाकडाचा हातभर गाडा, त्यावर हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, मळवट भरल्यासारखं कुंकू. एका गावानं तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा, म्हणजे बया त्याच्यावर बसून पुढं जाते, असं मानायचे. त्याचं तोंड आम्ही निघालो होतो तिकडंच होतं. गाडीतल्या बाया एकदम खाली बघायला लागल्या. मी पोटावर हात ठेवला. तुझी आई आत हललीसुद्धा नाही. मला ते बरं वाटेना.

वन्संचं गाव आलं. फाट्यावर चुन्यासारखी पांढरी पावडर टाकलेली, हॉटेल बंद, बाकडं उलटं घातलेलं. उतरणारं कुणी नव्हतं. चढणारं एक जोडपं होतं, त्यांच्याकडं बघून गाडीतली माणसं सरकून बसली. आणि लिंबाखाली वन्सं उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, हातात ताट, शेजारी झाकलेला तांब्या.

"उतर की गं! घर काय कोसावर हाय का?" त्यांनी लांबूनच हाक दिली.

मी भावाकडं बघितलं. भाऊच म्हणाला, "ताई, सांगावा मिळाला न्हवं?"

"मिळाला रं बाबा. आईचाच सांगावा, मोडते का काय मी? पर म्हनून बघितलं." त्या खिडकीपाशी आल्या. गजांमधून हात घालून मला हळदीकुंकू लावलं, खण दिला, ओंजळ ओंजळ गहू ओटीत टाकले. नारळ काही गजांतून येईना. आडवा करून बघितला, उभा करून बघितला. शेवटी कंडक्टरनं तो दारातून घेतला आणि माझ्याकडं देताना म्हणाला, "घ्या लवकर बाई, न्हाईतर याला अर्धं तिकीट लावीन."

वन्सं हसल्या. माझा हात धरला. काय तरी ऊन होतं, गाडीचा पत्रा भाजत होता. आणि त्यांचा हात गार. कोपरापर्यंत चुना लागलेला. मी विचारलं, "घरी सगळी बरी हायेत ना, वन्सं?"

"हायेत की. बरी न हुयाला काय झालं?" असं म्हणून त्यांनी तांब्यावरचं झाकण काढलं. "पन्हं केलंय. तुला आंबटाचे डोहाळे लागलेत म्हनं. गूळ घालून, रात्रभर माठात निववलंय. पी बरं एवढं पेलाभर, माझ्यादेखत."

कैऱ्या त्या दुष्काळात कुठून मिळवल्या असतील! आणि पाणी कसलं, ते मला माहीत होतं. पेला गजांपाशी आलेला. त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणवत नव्हतं, आणि पोटातल्या जिवासाठी हो म्हणवत नव्हतं. तेवढ्यात भावानं माझ्या अंगावरून हात लांब करून पेला घेतला.

"आक्काला कालपासून आंबट बघवत न्हाई, ताई. तिचा वाटा मुराळ्याचा!" असं म्हणून त्यानं तो सगळाच्या सगळा पेला नरड्याखाली घातला. वर मिशी पुसून म्हणतो, "वा! आणिक हाय का?"

"खादाड मुराळी मिळालाय गं बाई तुला!" वन्सं खुशीत आल्या. मग गाडी सुरू झाली तशा खिडकीबरोबर चार पावलं चालल्या. "येताना उतर बरं का. लेकरू घिऊन उतर. माझ्या उंबऱ्याला त्याचं पाऊल लागू दे. लवकर ये!"

भाऊ माझ्याजवळून उठून मागच्या बाकड्यावर जाऊन बसला, तो नगर येईपर्यंत तिथंच.

माहेरी पोचल्यावर आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, मला आत घेतलं. भाऊ बाहेरूनच म्हणाला, "मळ्यात पाण्याची पाळी हाय, मी तिकडंच झोपतो." आईला ते खरं वाटलं. मला माहीत होतं, पाळी नव्हती. तिसऱ्या दिवशी मळ्यातला गडी डॉक्टरला बोलवायला पळाला. नंतर भावाला सलाईन लावायला नगरला नेलं. मला म्हणायचे, उन्हाचं बाधलंय. मी ओसरीवर बसून रस्त्याकडं बघायची. सायकलची घंटा वाजली की वाटायचं, नगरचा निरोप आला. मनात यायचं, त्या पेल्यावर नाव माझं होतं, आणि तो याच्या पोटात गेला.

परत आला तो निम्मा होऊन. गालफडं बसलेली, आवाज गेलेला. माझ्याकडं बघून म्हणाला, "पन्हं मात्र झकास हुतं." मी किती रडले त्या दिवशी!

तुझी आई झाली. धडधाकट, काळीसावळी, भोकाड पसरणारी. बाराव्या दिवशी बारसं. सासरची माणसं आली, सासूबाई आल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पाळणा सजला, बाया जमल्या, आणि मी आपली दाराकडं बघत बसले. "वन्सं कुठं मागं राहिल्या? गाडी चुकली का त्यांची?"

आई उगीच पाळण्याची दोरी सारखी करायला लागली. चुलत नणंद पुढं झाली नि पाळण्यावर वाकली, तेव्हा मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला होता.

ओटी भरून घरी गेल्या त्याच रात्री वन्संना सुरू झालं होतं, त्यातून त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या सासूबाई आदल्या दिवशीच गेल्या होत्या. घरात मयत झालेलं माझ्यापासून लपवून, ठेवणीतलं लुगडं नेसून त्या फाट्यावर आल्या होत्या. ते कळलं असतं तर मी ओटी घेतली नसती, आणि पोटुशी मोकळ्या ओटीनं जाऊ नये, एवढाच त्यांचा हिशेब. मी पोटुशी म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

सासूबाई मला म्हणाल्या, "उतरली न्हाईस ते बरंच केलंस." आणि नातीला मांडीवर घेऊन बसल्या, ती रडली तरी खाली ठेवीनात. मलाही वाटतं, बरंच केलं. आज कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन, उतरायचं नाही. पण त्या खणाची मी कुंची शिवली आणि ती घालून तुझ्या आईला घेऊन परत निघाले, तेव्हा त्या फाट्यावर गाडी थांबली आणि मी उतरले. कुणी उतर म्हटलं नव्हतं. पटकी ओसरली होती. घराला कडी होती. पोरीचं पाऊल त्या उंबऱ्याला टेकवलं, थोडा वेळ बसले, आणि मागून आलेल्या गाडीनं इकडं आले.

म्हणून म्हणते गं पोरी, यायचं नसतं तेव्हा येऊ नये, ते मी तुला शिकवायला नको. पण यायला मोकळीक आहे तेव्हा असं उंबऱ्यातून हात हलवून जात जाऊ नकोस. आज तुला घाई आहे, जा. तो ड्रायव्हर बिचारा वाट बघतोय. पण कैऱ्या लागल्यात परसात. त्या उतरायच्या आत ये, राहायला ये. तुझ्या आईलाही घेऊन ये. लवकर ये.