गावाकडचा टेस्ट पॉइंट

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंदडला केबलच्या पेटीपुढं उकिडवा बसलो होतो, हातात मीटर. पलीकडे ताई होती. “ते उठूनच नाही राहिले रे...” एवढंच म्हणाली. गोंदियाला पोहोचेस्तोवर मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटला तरी तोच राग आहे. म्हणून आधीच सांगतो, ज्यांना गोड-गोड वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

ताईचे मिस्टर, आमच्या बोलीत माझा भाटवा, म्हणजे टेलिफोनच्या कामातले माझे साहेबही. मला नोकरीला त्यांनीच लावलं. खाल्ल्या घरचे वासे मोजतो म्हणतील लोक, म्हणोत! शोकसभेत एकेक जण उठून सांगत होता, “साहेब के जमाने में शिकायतही नहीं थी!” अरे, असणार कुठून? बिघाड दिसेल अशी जागाच या माणसानं कुठं ठेवली नव्हती.

टेस्ट पॉइंट म्हणजे काही मोठी विद्या नाही. लाइन न तोडता मीटर लावता यावा म्हणून पेटीत ठेवलेली जागा. असे दोन पॉइंट द्यायचे असतात. एक आपल्या केंद्राकडची लाइन तपासायला, दुसरा गावाकडची. भाऊजी फक्त केंद्राकडचा देत. केंद्र तर आपल्या बुडाखाली. ते कशाला बिघडतंय? मीटर लावला की सगळं ठीक. मग साहेब फोनवर ऐटीत सांगणार, “आपल्याकडून ओके आहे.” मी एकदा म्हटलं, भाऊजी, गावाकडचाही देऊन टाकू, दोन तारांचं तर काम आहे. तर म्हणाले, “कायले? पॉइंट देला का लोकं तपासतेत. तपासलं का बिघाड निघते. निघाला का आपल्यालेच जा लागते. झाकली मूठ सव्वा लाखाची, साले साहब!” आणि वर हसले. काय तो हुशारीचा थाट!

अर्जुनी मोरगावकडच्या एका गावाची लाइन अशीच मेली होती. किराणा दुकानवाली बाई थेट ऑफिसात आली. यांनी तिलाही तेच ऐकवलं. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमच्याकडून ओके असन साहेब, पण माह्या पोरीचा फोन काऊन नाही लागून राहिला?” साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. शेवटी मी बांधाबांधानं चिखल तुडवत केबल शोधत गेलो, तर तलावाच्या पाटाशी खोदकामात तुटलेली. गावाकडचा पॉइंट असता तर पेटीपाशी उभ्या उभ्या कळलं असतं. लाइन सुरू झाल्यावर गावानं नारळ दिला, तो साहेबांनी घेतला. लाज नावाची चीज नव्हतीच.

पण हा माणूस स्वतःच्या देहाशीही असाच वागेल, हे काही मला वाटलं नव्हतं. पाय सुजायला लागले. जिना चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरची कॅलेंडरं वाचायचे. ताई मागे लागली, दवाखान्यात चला, छातीची पट्टी, ईसीजी, काढून घेऊ. एकदा तर तिनं रिक्षा दारात उभी केली. हे पायरीवर बसून राहिले. “गॅस आहे. उगाच तपासलं का काही ना काही निघतेच.” ताई रडली, मी ओरडलो. रिक्षा रिकामी परत गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, आधी आले असते तर पुष्कळ काही करता आलं असतं. झोपेतच गेले, म्हणून लोक याला शांत मरण म्हणतात... मी मूर्खपणा म्हणतो. भित्रा होता माझा भाटवा, आणि त्या भित्रेपणापायी माझी बहीण एकटी पडली.

परवा ताईकडे गेलो. टीव्हीखालच्या खणात बीपी मोजायचं मशीन सापडलं. मीच मागल्या दिवाळीत त्यांना आणून दिलं होतं. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. मी शिवी घातली, चांगली मोठ्यानं, आणि दातांनी प्लास्टिक फाडलं. ताई स्वयंपाकघरातून आली, समोर बसली, बाही वर सरकवून तिनं हात पुढं केला. “माहं पाह.” पट्टा फुगायला लागला तसं तिनं डोळे मिटून घेतले.

“जास्त असन तं जास्तच सांगजो,” ती म्हणाली. “ह्या घरात आता कोणी खोटं बोलाचं नाही.”