कुंपणापलीकडचं पातेलं

आमी दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर वाल सोलले. संध्याकाळी ओटीवर बसलो होतो, मधे मोड आलेल्या वालांचं घमेलं. तिचे दहा होईस्तोवर माझे चार. दाबला की माझा वाल सटकून अंगणात जायचा.

"अवो, कोंबड्यांसाठी सोलता का?" ती म्हणाली.

सोलून झाले तशी तिनं वाटीभर बाजूला काढले.

"हे कुणाला?"

"द्यायचेत."

"दे, सगळं घरच वाटून टाक."

"तुमच्या ताटात काय काय कुठनं येतं, कधी बघितलंत?"

नव्हतं बघितलं. बिरडं कधी होतंय, तेवढंच बघत होतो. ती वाटी देऊन आली, बिरडं केलं, आमी जेवलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या छातीत कळ आली. शहापूरला नेताना वाटेतच गेली.

सुतकात घरात चूल पेटली नाय. जेवण गावातनं यायचं. कोण आणतं ते मी मान वर करून पाहिलं नाय, पुढ्यात आलं ते खाल्लं. तेरावं झालं, मुलगी मुरबाडला सासरी परत गेली, आणि मांडणीवर दुसऱ्यांची सहा भांडी राहिली.

घासली आणि द्यायला निघालो. कुठलं कुणाचं ते हिला ठाऊक असायचं. भांड्यांवर नावं घातलेली होती, पण मी शिकलो दुसरीपर्यंत, आणि निम्मी अक्षरं घासून गेलेली. मग दारोदार विचारत फिरलो. "हा डबा तुमचा का?" "नाय, आमची ती किटली." असं फिरता फिरता कळलं, मला कुणी जगवलं ते. किटलीवाल्या बाईला मी विहिरीवर कायम टाकून बोलायचो. तिनं रोज सकाळी चहा पाठवला होता.

"गोड झालेला का?" तिनं विचारलं.

"आठवत नाय. पण सगळा प्यायलो."

ती हसली.

पाच भांडी गेली. एक पातेलं कुणीच आपलं म्हणेना, आणि घरही एकच उरलं, कुंपणापलीकडचं. अकरा वर्षांमागं त्या घरवाल्यानं भाताच्या रोपासाठी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजला, आग आवरली नाय, आणि माझी पेंढ्याची उडवी जळाली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

ठरवलं, गुपचूप त्यांच्या ओट्यावर ठेवायचं आणि फिरायचं. वाकलो तेवढ्यात तो बाहेर आला.

"काय रे, फेड करायला आलास? माझी उडवी मागल्या अंगाला हाय."

"पातेलं द्यायला आलोय."

मागनं त्याची बायको आली. "ताईंची वालाची वाटी आमच्याकडंच राहिली," ती म्हणाली. "आणि यंदाची लोणच्याची बरणी भरून ठेवलीय, न्या."

"कसली बरणी?"

"करवंदाची. दरसाल देते ती."

ते लोणचं मी बोटं चाटून खायचो. पाहुण्यांना सांगायचो, आमच्या हिच्या हाताला तोड नाय. ही ऐकायची आणि तोंडाला पदर लावायची. मला वाटायचं लाजते.

"कळलं असतं तर खाल्लं असतंस का?" त्यानं विचारलं.

"नसतं."

"म्हणून नाय सांगितलं तिनं."

बाईनं पातेल्याला हात घातला. मी सोडलं नाय. कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाय, ही रीत मलाही ठाऊक, पण ती पाळायची ही. मी पाच घरांत रिकामी भांडी देऊन आलो होतो. कुणी आत डोकावून पाहिलंसुद्धा नाय. हे तिथं उभ्या उभ्या ध्यानात आलं.

"तीन दिसांनी आणतो," मी म्हणालो.

"आता काय झालं?"

"वालाला मोड यायला पाहिजेत."

"एकटा सोलणार?" तो म्हणाला. "पावसाळा उजाडेल. मला हाक मार."

बरणी घेऊन घरी आलो. त्या दिवशी लोणचं वाढून घेतलं आणि पहिल्यांदा सावकाश खाल्लं. चव तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डब्यातले वाल काढले. किती घ्यायचे ते कधी विचारलं नव्हतं. सहा घरांना पुरतील असे अंदाजानं मोजले, आपली एक मूठ वर टाकली, आणि त्याच पातेल्यात भिजत घातले.