आबांच्या हातचे शॉकअप

त्या वर्षी आमच्याकडे ओळीने दुसरा पावसाळा कोरडा गेला. घाटाखालच्या सहकारी साखर कारखान्याने बॉयलर पेटवलाच नाही, कारण गाळायला ऊसच नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्या कारखान्यात फिटर होते. सगळ्या फिटरांना घरी बसायला सांगितलं. आबांनी खाकी शर्ट धुऊन खुंटीला अडकवला आणि अंगणात बसून रिकाम्या आभाळाकडे पाहायला लागले. पहिले काही दिवस मायला बरं वाटलं, माणूस घरात आहे म्हणून. नंतर तीच मला म्हणाली, "ह्यांला कायतरी काम दे बाई. नुसतं बसलेलं मानूस बघवंना."

मी तेव्हा दूध संघात पशुधन पर्यवेक्षक होते. कुणाची गाय माजावर आली की फोन यायचा आणि मी जाऊन कृत्रिम रेतन करायची. माझ्या वाट्याला धारूरच्या बाजूच्या डोंगरातल्या वस्त्या आल्या होत्या. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, तीही उन्हाने फुटलेली. साध्या गाडीचं तिथे काही चालेना, म्हणून मी पुण्याच्या एका हौशी पोराने विकायला काढलेली डोंगरातली मोटरसायकल घेतली. उंच, हलकी, जाड दातेरी टायरची. बायकांनी तोंडाला पदर लावून पाहिलं, माणसांनी उघड पाहिलं.

गाडी चांगली होती, पण पुढचे शॉकअप दमलेले होते. पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या असतात, प्रत्येकीच्या आत दुसरी सरकणारी नळी, लांब स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंग दणका झेलते, तेल तिला उसळू देत नाही. माझ्या गाडीत दोन्ही कामं अर्धवट व्हायची. खड्ड्यात चाक गेलं की नळ्या तळाला टेकायच्या आणि लोखंडावर लोखंड आदळल्याचा ठोका मनगटातून थेट दातांपर्यंत यायचा. माझ्या दातांचं काही नाही, पण मागच्या सीटवर वळूंचं गोठवलेलं वीर्य ठेवलेला नायट्रोजनचा डबा बांधलेला असायचा. त्याची मान नाजूक असते. ती आतून तडकली की नायट्रोजन उडून जातो आणि आतलं सगळं वीर्य वाया.

मी आबांना म्हटलं, "आबा, ह्याचं काय करता येईल का?"

ते उठले. हँडल धरून त्यांनी गाडी खाली दाबली, सोडली, पुन्हा दाबली. कान नळीजवळ नेला. "तेल पातळ झालंय," म्हणाले. "आन् स्प्रिंग बसलीय. करू की."

त्यांनी चाक काढलं, ब्रेक सोडवला, दोन्ही नळ्या उतरवल्या. आतून निघालेलं तेल काळं होतं आणि त्याला कुजका वास होता. नवीन तेल त्यांनी जाड घेतलं आणि मोजायला माझ्याकडून जनावरांची मोठी सिरिंज मागून घेतली. स्प्रिंग आधीच थोडी दाबलेली राहावी म्हणून तिच्या डोक्यावर बसवायला दोन तुकडे हवे होते. आमच्या गल्लीच्या नळाचा पाइप कधीचा कोरडा पडला होता, त्यातलाच फुटका भाग त्यांनी कापून आणला. दोन्ही तुकडे काचेवर उभे करून डोळा लावून पाहिले, कानसीने घासले, पुन्हा पाहिले. दोन्ही बाजू सारख्या पाहिजेत, तेल सारखं, स्प्रिंग सारखी, एवढंच ते परत परत म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी मी डोंगरात गेले आणि परत आले तेव्हा ते रस्त्यापर्यंत येऊन उभे होते.

"हात सांग," म्हणाले.

"हात दुखत न्हाईत आबा. ठोका गेला."

ते हसले. त्या दुष्काळात त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पण ते तिथे थांबले नाहीत. बारीक दगडांवर गाडी आता कडक लागत होती, हे मी बोलून गेले. त्यांनी पुन्हा नळ्या खोलल्या, तेल बदललं. मग वळणावर नाक खाली जातं म्हटल्यावर तेलाची पातळी वाढवली. दर वेळी गाडी आधीपेक्षा बरी व्हायची. मी रोज संध्याकाळी हात सांगायची आणि ते पुढचा विचार करायचे.

एका दुपारी ते तेल भरत होते आणि मी नळी धरून बसले होते. एकाएकी त्यांनी मान वर केली. "भोंगा झाला," म्हणाले. सिरिंज खाली ठेवली, हात धुतले, खुंटीवरचा खाकी शर्ट अंगात घातला आणि चपला शोधायला लागले.

माय दारात आली. "अवं, कारखाना बंद हाय की."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कान दिला होता. भोंगा सोडा, कुत्रंही भुंकत नव्हतं. "सवय हो," असं म्हणून ते खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "उजव्या नळीत तेल टाकलं का मी?"

टाकलं होतं. मी हसून सांगितलं. त्यांना पटेना. सगळं काढून पुन्हा मोजून भरलं. शर्ट मात्र त्यांनी अंगातून काढला नाही. त्या दिवसापासून तो रोज अंगावर असायचा.

डोंगरात वस्त्या रिकाम्या होत चालल्या होत्या. ऊसतोडीला जाणारे कर्नाटकाकडे गेले होते. दारांना कुलूप आणि कुलपापुढे बोरीची काटेरी फांदी. जनावरांचे टेंपो घाटातून खाली उतरायचे आणि रिकामे वर चढायचे. जी जनावरं उरली ती चारा छावणीत. हाडं वर आलेली गाय माजावर येत नाही, त्यामुळे माझा फोन दिवसेंदिवस वाजेनासा झाला. डेअरीत दुधाचे कॅन पालथे घालून ठेवलेले असायचे.

अशात एका वरच्या वस्तीवरून फोन आला. गाय माजावर आहे, लवकर या. मी गेले. तिथे एक म्हातारी होती, एक गाय होती आणि बाकी सगळी घरं बंद. मी गायीला हात घालून तपासलं. माजाचं काही लक्षण नव्हतं.

"आजी, ही माजावर न्हाई."

"मला ठाव हाय," म्हातारी म्हणाली. "पर तुमी याव म्हनून फोन केला, म्याडम. मानूस दिसंना गेलं हितं."

मी तिच्याजवळ बसले. तिने चहा केला, बिनदुधाचा. निघताना ती गाडीबरोबर उतारापर्यंत चालत आली आणि मी वळून पाहिलं तेव्हाही तिथेच उभी होती.

धारूर मागे टाकून मी घाट उतरायला लागले. पहिल्या वळणावर पुढचा ब्रेक दाबला तेव्हा खालून टक् असा आवाज आला. खडा उडाला असेल असं वाटलं. दुसऱ्या वळणावर परत टक्, आणि हँडल हातात किंचित थरथरलं. शॉकअप इतके चांगले झाले होते की रस्त्याचा हादरा हाताला लागत नसे, म्हणूनच ती थरथर मला वेगळी कळली. मी मागचा ब्रेक दाबून, इंजिनवर गाडी आवरत कडेला थांबवली आणि खाली बसून पाहिलं.

पुढच्या चाकाची चकती पकडणारा ब्रेकचा भाग दोन बोल्टांवर नळीला बसलेला असतो. खालचा बोल्ट नव्हता. वरचा बोटांनी फिरत होता. तोही निघाला असता तर तो भाग आरीत अडकून चाक जागच्या जागी थांबलं असतं. पुढे खाली दरी होती. मी तिथे दगडावर बसून राहिले. वरून एक टेंपो उतरत गेला, त्यातल्या बैलाने फळीवरून माझ्याकडे पाहिलं.

वरचा बोल्ट पान्याने आवळून, पुढच्या ब्रेकला हात न लावता मी पहिल्या गिअरमध्ये घरी आले.

आबा रस्त्यावर उभे होते. "हात सांग."

"आबा, काल गाडी खोलली होती?"

"न्हाई. परवाच तर बसवली. कावून?"

माय आतून म्हणाली, "काल तू छावनीत गेलतीस न्हवं चालत, तवा दुपारभर खोलून बसलते."

"मी कशाला खोलीन?" आबांचा आवाज चढला. "बसलेली गाडी उगं कोन खोलतं?"

मी त्यांना चाकाजवळ नेलं आणि रिकामं भोक दाखवलं. ते उकिडवे बसले. भोकात बोट घातलं. मग सवयीने, कामावर असताना जसा जायचा तसा, त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून बोल्ट निघाला.

त्यांनी तो तळहातावर ठेवून बराच वेळ पाहिला. "हा हितं कसा आला?" असं मला विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं. त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली ती घाटातल्या माझ्या भीतीपेक्षा मोठी होती.

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी पान्यांचा डबा मायच्या हातात देऊन म्हणाले, "लपवून ठेव. मी मागितला तरी देऊ नगं." मायने तो ज्वारीच्या कणगीत पुरला. दोन दिवसांनी ते घरभर डबा शोधत फिरत होते आणि कुणी चोरला म्हणून शेजाऱ्यांशी भांडले. मला ते पाहवलं नाही. मी डबा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला.

"असं करू आबा. तुमी सांगा, मी पाना फिरवते. एकट्यानं गाडीला हात लावायचा न्हाई. तुमीबी न्हाई आन् मीबी न्हाई."

ते कबूल झाले. रविवारी आम्ही गाडी खोलायचो. गरज असो वा नसो, खोलायचो. ते पोत्यावर बसून सांगत, मी करत असे. नळीवर नख फिरवून ओरखडा कसा ओळखायचा, तेल अडवणारं रबरी सील बसवताना त्याची कडा कशी दुमडू द्यायची नाही, तेल भरल्यावर नळी वर-खाली करून आतली हवा कशी काढायची. प्रत्येक बोल्ट आवळला की मी मोठ्याने म्हणायची, "आवळला." ते म्हणायचे, "परत बघ." मी परत बघायची.

हळूहळू शब्द त्यांच्या हातून निसटायला लागले. सीलला ते "काळं कडं" म्हणायला लागले, मग "ते गोल", मग नुसतं बोट दाखवायला लागले. एका रविवारी त्यांनी बोटही दाखवलं नाही. मी सगळं बसवलं, आवळला आवळला म्हणत गेले, आणि ते कुंपणाबाहेरच्या करपलेल्या लिंबाकडे पाहत राहिले.

मग मी त्यांना आंबाजोगाईला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. जीप भरेपर्यंत ते बसायचे नाहीत, उतरून चालायला लागायचे. म्हणून मोटरसायकलवरच नेलं. डॉक्टरांनी त्यांच्यापुढे कागद ठेवला आणि घड्याळ काढायला सांगितलं. आबांनी गोल काढला. कंपासने काढावा असा गोल, कुठे तिरका नाही. डॉक्टर म्हणाले, आता आकडे घाला. आबा पेन धरून गोलाकडे पाहत राहिले. एकही आकडा पडला नाही.

"हे वाढत जानार," डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले. "गोळ्या देतो. पर एकटं सोडू नका."

परतताना घाटाच्या तोंडाशी आबांनी माझ्या पाठीवर थोपटलं. मी थांबवली. ते उतरले, पुढे गेले आणि चाकापाशी बसून त्यांनी नळीवरून हात फिरवला.

"ही कुनी बसवली?"

"मी."

"दोन्हीत तेल सारखं हाय?"

"सारखं."

त्यांनी हँडल दाबून पाहिलं, सोडलं. गाडी एकदाच वर आली आणि स्थिर राहिली. "कुनाकडनं शिकलीस?"

"माझ्या वडलांकडनं."

"काय करतात ते?"

"कारखान्यात फिटर हायत."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि मागे येऊन बसले.

उतार सुरू झाला. वाऱ्यात धूळ होती, पलीकडचा डोंगर दिसत नव्हता. माझ्या खांद्यावर त्यांचा हात होता तोवर मला धीर होता. तिसऱ्या वळणाआधी तो हात उचलला गेला. आरशात पाहिलं तर आबा दोन्ही हात मांडीवर ठेवून दरीकडे झुकले होते, पोरं खिडकीतून वाकतात तसे. मी गाडी थांबवली. ओढणी काढली, त्यांच्या पाठीमागून घेऊन माझ्या पोटावर आणली आणि घट्ट गाठ मारली. त्यांच्या हनुवटीचं हाड माझ्या खांद्यात रुतत होतं. तसेच आम्ही दोघं खाली उतरलो, वळणावळणावर एकमेकांच्या भाराने कलत. घरी मायने ती गाठ सोडवली. इतकी आवळली होती की तिला दात लावावे लागले.

आबा त्यानंतर गाडीवर बसले नाहीत. पुढच्या साली पाऊस उशिरा का होईना आला, वस्त्यांवरची माणसं परतली, माझा फोन पुन्हा वाजायला लागला. आबांना मात्र काहीच परत आलं नाही. आणखी दोन हिवाळे ते अंगणात बसून होते, आणि मी गाडी काढली की वळून पाहायचे, आवाजाकडे, माझ्याकडे नाही.