दसऱ्याला घेतलेला घोडा

घोडा विकत घ्यायचा तर आधी त्याच्या जवळ जायचं नाही, असा बाबांचा नियम होता. सपाट, कडक जमिनीवर तो उभा करायला सांगायचा आणि आपण लांब उभं राहून बाजूने बघायचं. मान खांद्यातून कशी निघते, पाठ किती लांब आहे, मागचे पाय पोटाखाली किती येतात. सगळ्यात शेवटी पुढचे पाय. खांद्यापासून खुरापर्यंत मनातल्या मनात ओळंबा सोडायचा. मग जवळ जाऊन हात लावायचा. बाबांनी अख्खं आयुष्य घोडदळात काढलं होतं आणि आम्ही दोघं भावंडं दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये हेच बघत वाढलो.

निवृत्तीनंतर काचबिंदूने त्यांची नजर खाल्ली. उजेड कळायचा, रंग कळायचा, दारात कुणीतरी उभं आहे हे कळायचं. रेषा कळायची नाही. हात मात्र शाबूत होते. घोड्याच्या नळीवरून, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडावरून, बोटं फिरवून ते जुनी सूज, किंचित गरम लागणारी शीर बरोबर सांगायचे. जे हाताला कळत नाही ते मी लांबून बघायचं आणि त्यांना सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. आठवडाभर मी गुडगावच्या एका नव्या कंपनीत कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि रविवारी बाबांचे डोळे व्हायचो.

घोडा हवा होता माझ्या धाकट्या बहिणीला. ती इव्हेंटिंग करायची. म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षा: आधी शिस्तीच्या चाली, मग रानातून भरधाव जात ओंडके आणि खड्डे ओलांडायचे, शेवटी मैदानातल्या उड्या. क्लबच्या म्हाताऱ्या घोड्यावर ती निवड चाचणीपर्यंत पोचली होती, पण रानातली धाव त्याच्याने होणार नव्हती. ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. आणि बाबा एकेक घोडा नाकारत चालले होते. एकाची पाठ लांब, एकाचा खांदा उभा, एकाचे मागचे पाय काठीसारखे सरळ. नकार मिळाला की ती गाडीत मागे जाऊन बसायची. चाचणी जवळ आली तसं तिचं जेवण सुटलं. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "दादा, बाबांना दिसत नाही ना आता, म्हणून ते सगळ्यांनाच नाही म्हणतात. घाबरतात यार ते. तू बोल ना काहीतरी."

मेहरौलीच्या पुढे एका बिल्डरचं फार्महाउस होतं. त्याने मुलासाठी रेसकोर्सवरून एक कुमैत, म्हणजे काळ्या आयाळीचा तांबूस घोडा आणला होता, पण मुलाला नवी गाडी मिळाली आणि घोडा नुसता उभा राहिला. आम्ही गेलो तो दिवस दसऱ्याचा.

घोडा हिरव्यागार लॉनवर उभा केला होता. बाबांनी बुटाने जमीन दाबून बघितली आणि म्हणाले, गवत आहे हे, खूर झाकले जातात, रस्त्यावर घ्या. बिल्डर हसला आणि घोडा सिमेंटच्या वाटेवर आला. मी लांब जाऊन बाजूला उभा राहिलो. बाबा एकेक अवयव विचारत गेले, मी सांगत गेलो. मान चांगली. खांदा तिरका, हवा तसा. पाठ आखूड. मागचा भाग इतका भरलेला की असा घोडा आम्ही वर्षभरात पाहिला नव्हता.

मग मी ओळंबा सोडला. दोन्ही गुडघे रेषेच्या मागे गेलेले होते. पाय जणू मागच्या बाजूला वाकायला निघालाय. फेरफटक्याला असा घोडा चालतो. पण उंचावरून उडी घेऊन पुढच्या पायांवर उतरताना सगळा भार नळीमागच्या शिरेवर येतो, आणि कधीतरी ती तुटते. हे मला बाबांनीच शिकवलं होतं.

बहीण घोड्याच्या मानेला कपाळ टेकून उभी होती. तिचे डोळे मिटलेले होते.

"गुडघे?" बाबांनी विचारलं.

"सरळ आहेत."

मग बाबा पुढे झाले. चारही पायांवरून त्यांनी सावकाश हात फिरवला. पाय थंड होते, स्वच्छ होते. घोडा अजून कामालाच लागला नव्हता, दुखणं असणार कुठून. तरी ते म्हणाले की उद्या सकाळी पुन्हा येऊ, अंग मोकळं व्हायच्या आधी, तबेल्यातून थंड बाहेर पडताना कसा चालतो ते ऐकू. ही त्यांची नेहमीची पद्धत. दुसऱ्यांदा आलो तर ते मला पुन्हा गुडघे विचारतील, आणि पुन्हा मला सरळ म्हणता येणार नाही, हे मला माहीत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "आज दसरा आहे."

पलटणीत दसऱ्याला घोड्यांना झेंडूच्या माळा घालायचे, ओवाळायचे. बाबांच्या लेखी त्याहून मोठा मुहूर्त नव्हता. त्यांनी घोड्याच्या मानेवर थाप मारली. मग म्हणाले, बरं, घेऊ.

संध्याकाळी क्लबच्या तबेल्यात आईने घोड्याला कुंकू लावून ओवाळलं. बाबांनी त्याच्या लगामात आपट्याची पानं खोचली. सोबत आलेला बिल्डर म्हणाला, "उस्ताद जी, आपके यहाँ तो घोड़े की भी शादी होती है." सगळे हसले. मीही हसलो. ओवाळलेला घोडा आमच्या घरातून परत गेला नसता. तरी चाचणीपर्यंत खरं सांगायला रोज एक सकाळ होती, आणि रोज सकाळी मी ऑफिसला जात होतो.

घोडा उड्या मात्र अशा मारायचा की क्लबातली माणसं काम सोडून बघत राहायची. बहीण पुन्हा जेवायला लागली.

चाचणीच्या दिवशी, रानातल्या धावेत, उंचावरून खाली उतरणाऱ्या एका अडथळ्यावर तो पुढच्या पायांवर आला आणि पाय टिकलाच नाही. बहीण खाली, घोडा तिच्या अंगावर. बाबा माझा दंड धरून उभे होते. "काय झालं? अरे, काय झालं ते सांग ना."

तिचं ओटीपोटाचं हाड मोडलं. घोड्याला ताडपत्रीचा आडोसा धरून शेवटचं इंजेक्शन दिलं. त्याआधी बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याच्यापर्यंत गेले, गुडघे टेकून बसले आणि तो पाय त्यांनी वरून खालपर्यंत चाचपला. म्हणाले, "शीर आधीच दुखावलेली असणार. माझ्या हाताला लागली नाही."

त्यानंतर त्यांनी कुठल्याही घोड्याला हात लावला नाही. जुने सोबती विचारायला यायचे, हा घोडा बघा, तो बघा. बाबा म्हणायचे, हात गेले माझे. द्वारकेच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते अंगठा बोटांच्या टोकांवर घासत बसायचे. शेवटच्या आजारात मी उशाशी असलो की माझा हात ओढून घ्यायचे आणि कोपरापासून मनगटापर्यंत बोटं फिरवायचे. विचारायचे, "गरम आहे का रे? मला कळत नाही." मी म्हणायचो, नाही बाबा, गार आहे. दुसरं वाक्य, त्या गुडघ्यांचं, माझ्या तोंडात तयार असायचं. ते न सांगताच मी त्यांना जाऊ दिलं.

बहीण नोएडाला असते. थंडीत अजून लंगडते. यंदा दसऱ्याला मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, "बाबांना सांगितलं होतंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस, दादा."

फोन तिने ठेवला नाही. तिच्याकडचा पंखा मला ऐकू येत होता. मीही ठेवला नाही.