रडायचं ते खाली

फोन आला तेव्हा ताई गेलीय हे कोणालाच माहीत नव्हतं. सकाळची वेळ, मी कामोठ्याच्या माझ्या घरात भिजलेले वाल मोड आणायला फडक्यात बांधत होते. फोनवर ताईची शेजारीण होती, स्नेहा. "मावशी, करंजाड्याला येता का? सुमनकाकू दार उघडत नाहीयेत. काका आतून बोलतायत, पण..." रिक्षात बसल्यावर जी धडधड सुरू झाली ती काही आठवडे लोटले तरी थांबलेली नाही. आजही फोन वाजला की आधी कोणाचं नाव आहे ते दोनदा वाचते, मग मी फोन उचलते.

ताईच्या दारासमोर पाच-सहा माणसं जमली होती. आतून भाऊजी हळू आवाजात सांगत होते, "आवाज करू नका. ती निजलीय." भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, विस्मरणाचा आजार. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. ते एकटे बाहेर पडू नयेत म्हणून ताईने दाराला दोन्ही बाजूंनी किल्लीनेच उघडणारं कुलूप बसवून घेतलं होतं, आणि किल्ली कुठे ठेवते ते तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. आत दोन माणसं, एक हाकेला ओ देत नाही आणि दुसऱ्याला दार उघडायचं कसं ते आठवत नाही. मी "भाऊजी, मी शोभा" म्हणत दार बडवत राहिले. ते दरवेळी तितक्याच शांतपणे सांगत होते, "ती निजलीय." तेवढ्यात ताईच्या ओळखीतले म्हात्रेकाका बातमी कळून धापा टाकत जिना चढून आले आणि त्यांनी खिशातून त्याच कुलुपाची दुसरी किल्ली काढली. आत भाऊजी पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी ताईच्या अंगावर घरातली सगळी पांघरुणं घातली होती आणि पंखा बंद केला होता. मला म्हणाले, "गार पडलीय बघ. थंडी वाजतेय तिला."

डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तिला झाला नसेल.

म्हात्रेकाकांकडे किल्ली होती ती ताईच्याच हट्टापायी. आम्ही दोघी जासईच्या. लहानपणापासून मी घाबरट आणि ती दांडगट. खाडीवर टाकलेल्या फळीवरून मला ओढत न्यायची आणि पलीकडे पोचल्यावर सगळ्या पोरींसमोर "भित्री भागूबाई" म्हणून चिडवायची. भाऊजींचा आजार आमच्यात सगळ्यांत आधी तिने ओळखला. भाऊजींच्या पुतण्याच्या हळदीत, बेंजो जोरात वाजत असताना, भाऊजींनी सख्ख्या धाकट्या भावाला अदबीने विचारलं, "तुमी नवऱ्याकरचे का नवरीकरचे?" सगळा मांडव हसला. भाऊजींना थट्टेची सवयच होती, म्हणून मीही हसले. ताई मात्र हातातलं ताट तसंच धरून उभी राहिली होती. त्या रात्री तिने मला एवढंच विचारलं, "शोभे, तुला भीती वाटते तेव्हा नेमकं काय होतं गं?" तिने असलं काही विचारावं याचीच मला धास्ती वाटली.

पुढे भाऊजी हरवायला लागले. एकदा दिवसभर सापडेनात. शेवटी जासईजवळच्या रस्त्यावर सापडले, कंटेनरच्या ट्रेलरांच्या रांगेत उभे. त्यांच्या घरची मिठागरं तिकडेच कुठेतरी होती, ती ते शोधत होते. ट्रेलरवाले हॉर्न वाजवत होते आणि हे हात वर करून सगळ्यांना थांबवत होते, मिठाच्या कोंडीत पाणी घेतलंय, गाडी घालू नका म्हणून. ताईने त्यांना घरी आणलं, आंघोळ घातली, जेवायला वाढलं, मग मोरीत जाऊन नळ सोडून बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने करंजाडे ते पनवेल स्टेशन एकेक रिक्षा स्टँड धरला आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भाऊजींचा फोटो टाकला. "हा माणूस कुठेही जायचं म्हणाला तरी हो म्हणायचं, आणि माझ्या दारात आणून सोडायचं." रिक्षावाले खरंच आणून सोडत. एकदोघं तर वाटेत त्यांना वडापावही खायला घालत.

शनिवारची बैठक तिने अशीच हट्टाने उभी केली. कामोठ्यात एका सोसायटीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळवल्या. एका खोलीत आजारी माणसं, दुसरीत त्यांना सांभाळणारी. आजारी माणसांसमोर भिजवलेल्या वालांचं पातेलं ठेवायचं. स्वतःचं नाव विसरलेल्या बायकासुद्धा वालाचं साल असं चिमटीत धरून उडवायच्या की बघत राहावं. पुरुष निम्मे वाल चिरडायचे, ते चालायचं. पलीकडच्या खोलीत घरची माणसं बोलायची... कोणी रडायचं, कोणी शिव्या द्यायचं, कोणी भिंतीला टेकून नुसतंच झोपायचं. "देवाची इच्छा" हे शब्द त्या खोलीत काढायची बंदी होती. कोणाला लग्नाला, दवाखान्यात जायचं असेल तर दुसऱ्या घरातलं माणूस येऊन बसायचं. आणि प्रत्येक घराची एक किल्ली दुसऱ्या घरात. म्हात्रेकाकांच्या बायकोला हाच आजार. त्यांची किल्ली ताईकडे, ताईची त्यांच्याकडे. मीही अधूनमधून जायचे, पण वाल सोलायच्या खोलीत मला बसवत नसे. तिथली एखादी बाई माझ्याकडे बघून ओळखीचं हसली, की आपल्यालाही हे होणार अशी शंका मनात शिरायची आणि घरी गॅस बंद केला होता का, हे मी वाटभर आठवत बसायचे.

खरी दैना ताई गेल्यावर झाली. आमच्याकडे समाचाराला येणाऱ्या बायका दारातूनच हेल काढतात. ती रीतच आहे, न रडता आत शिरणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. सगळ्यांत आधी आमची जासईची आत्या आली आणि भाऊजींच्या गळ्यात पडली, "सुमी गेली रं तुजी!" भाऊजींचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. "कंदी? मना कोनी सांगला नाय!" ते हुंदके देऊन रडले, मग थकले, थोडा वेळ डुलकी लागली. उठले ते सगळं विसरूनच. हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोकडे बघून म्हणाले, "सुमनचा फोटो कोनी लावला?" तेवढ्यात खाली पुढची रिक्षा थांबली, दारात पुढचा हेल निघाला, आणि भाऊजींना पुन्हा पहिल्यांदाच कळलं. एका दिवसात तो माणूस कितीदा विधुर झाला हे मला सांगता येणार नाही. संध्याकाळी त्यांनी जेवणाचं ताटही बाजूला सारलं. हे असंच चालू राहिलं तर तेराव्याच्या आत दुसरी तिरडी बांधावी लागेल, अशी मला खात्री वाटायला लागली.

म्हात्रेकाकांनी मला विचारलंही नाही. फोटो उतरवला, दिवा स्नेहाच्या घरात नेऊन ठेवला आणि बैठकीतली माणसं पाळीपाळीने खाली पार्किंगमध्ये बसवली. वॉचमनकडून खुर्च्या आणि पाण्याचा पिंप घेतला. येणाऱ्याला एकच सांगणं : रडायचं ते खाली. रडून झालं की तोंड धुवायचं, मग वर जायचं, आणि वर सुमनचं नाव काढायचं नाही. आत्या भडकली. "मयताच्या घरी रराचा नाय? मंग आमी काय लगनाला आलो हाव?" काका म्हणाले, "आत्या, पोटभर रडा. मी पण रडतो तुमच्यासंगती. पन हितं." आणि ते खरंच रडले. मग आत्याही त्यांच्या शेजारी बसली. पुढचे सगळे दिवस स्कूटर आणि गाड्यांच्या मधोमध बायका गळ्यात गळा घालून माझ्या ताईसाठी रडल्या आणि पदराने तोंड पुसून वर येऊन भाऊजींना "काय, बरा हाय ना?" असं विचारून गेल्या. नातेवाइकांत अजून कुजबुज आहे. असू दे.

तेरावं झालं आणि प्रश्न उभा राहिला. ताईचा मुलगा अमित बंगळूरला असतो. तिकडे अशा माणसांना ठेवून घेणारी चांगली जागा त्याने बघून ठेवलीय. त्याचं चूक नाही. पण तिकडे मराठी कोण बोलणार, वाल कोण देणार, आणि हा माणूस वाट चुकला तर कुठला रिक्षावाला त्याला ओळखणार? "मावशी, इथे ठेवायचं तर चोवीस तास कोणीतरी घरचं लागेल," तो म्हणाला. मी एकटी, रिटायर झालेली, जवळ राहणारी. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या तेव्हा खोटं कशाला बोलू, मला तिथून पळून जावंसं वाटलं. रात्री दार उघडं राहिलं तर? त्यांनी मला ओळखलंच नाही आणि हात उगारला तर? आणि ताईसारखीच एका सकाळी मीही उठले नाही, तर आत कोण कोणाला पांघरूण घालणार? मी अमितला म्हटलं, रविवारी संध्याकाळी सांगते.

त्या रविवारी दुपारी मी ताईचं कपाट आवरायला घेतलं. भाऊजी आत झोपले होते. तिच्या एका जुन्या सुती साडीला तिचा वास होता, ती तोंडाला लावली आणि खाली पार्किंगमध्ये जायचं भानच राहिलं नाही. रडू आवरलं तेव्हा भाऊजी समोर उभे. मी गारठले. ते सावकाश माझ्या समोरच्या खुर्चीवर बसले, समाचाराला आलेला माणूस बसतो तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. मला त्यांनी ओळखलं नव्हतं.

"कोन गेला बाय तुमचा?"

आता काय सांगायचं... माझ्या तोंडून निघून गेलं, "बहीण."

"मोटी का धाकटी?"

"मोठी."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. "मंग आयच गेली म्हना," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते माझ्यासाठी. ताई गेल्यापासून माझं असं सांत्वन कोणी केलं नव्हतं. मग एकदम काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली आणि हाक मारली, "सुमन, अगो पावनी आलीय. च्या टाक."

आतून उत्तर येईना तशी त्यांची नजर बदलायला लागली. ती नजर मला माहीत होती. मी उठले, आत गेले, ओट्याशी उभी राहिले. तिची गाळणी खिळ्याला होती, तिचं हात पुसायचं फडकं हँडलला अडकवलेलं होतं. अमितला काय सांगायचं ते मला तिथे कळलं. गॅस पेटवला. ताई ओरडायची तसं, जरा त्रासिक सुरात, मी ओरडले, "टाकते हो!"

बाहेर भाऊजींनी सुटकेचा निःश्वास सोडला. मग मी नुकतीच जिथून उठले होते त्या रिकाम्या जागेला ते समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बसा बाय. येतेय ती."